विमानांचं निकाली मैदान

हंबीरराव वस्तादांनी हेडफोन दोन बोटांत उचलला, मेलेल्या उंदरासारखा अंगापासून लांब धरला आणि विचारलं, "ह्यात माती कुठाय?"

*

साखर कारखान्याच्या यार्डात क्रेनची दांडी दाबून धरावी लागते. अंगठा सैल पडला की पंजा उघडतो आणि टनभर ऊस जिथं असेल तिथं, ज्याच्यावर असेल त्याच्यावर पडतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

*

'भावी फायटर पायलट' असं छापलेला दहा बाय आठचा फ्लेक्स गेले तीन पावसाळे गोठ्यावर आहे. गळत नाही. चेहरा नेमका म्हशीच्या शेपटीकडे येतो.

*

वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांना एका यंत्रापुढे बसवतात. पायांनी एक ठिपका सांभाळायचा, हातांनी दुसरा. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

*

एकावर एक दुहेरी पंखांचं कापडी विमान कॉम्प्युटरवरच्या विमानयुद्धाच्या खेळात फुकट मिळतं. लोक ते आठवडाभर उडवतात आणि टाकून देतात.

*

जयराजदादांचा वाढदिवस दर फेब्रुवारीत येतो. निवडणूक कधीही येऊ शकते.

*

तर वाढदिवस आला होता आणि कुंडलच्या एका मंगल कार्यालयात, जिथं कालच कुणाचं तरी लग्न लागलं होतं आणि कमानीवरची निशिगंधाची फुलं अजून उतरवली नव्हती, तिथं विमानांचं मैदान भरलं होतं. दरवर्षी दादा कुस्त्या भरवायचे. यंदा कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की तरुण पोरं आता मोबाईलवर विमानं उडवतात. दादांना विमानांशी देणंघेणं नव्हतं, तरुणांशी होतं. त्यांच्या कार्यकर्त्यांनी मागच्या वर्षीचा कुस्तीचा फ्लेक्स काढला, पैलवानांच्या जागी दोन विमानं चिकटवली आणि 'मैदान' या शब्दाआधी 'विमान' घातलं. खालचे नियम वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ते तसेच छापून आले:

सर्व कुस्त्या निकाली होतील.
मैदान सोडणारा पराभूत.
पंचांचा निर्णय अंतिम राहील.

पंचही मागच्याच वर्षीचे. हंबीरराव वस्ताद, वय ऐंशीच्या आसपास, दोन्ही कान कुस्तीत चुरगळलेले. त्यांना कुणी सांगितलंच नाही की यंदा पैलवान येणार नाहीत. ते फेटा बांधून आले, समोर दोन टेबलं आणि दोन कॉम्प्युटर बघून क्षणभर थांबले, आणि मग पंच जसे बसतात तसे मांडी घालून स्टेजच्या मधोमध बसले. उठवायची कुणाची छाती झाली नाही.

सकाळपासून वीरधवलनं तीन जण पाडले होते. एकालाही तीन मिनिटं लागली नव्हती. त्यातला एक तासगावचा डॉक्टरचा मुलगा होता, हात मऊ. दुसऱ्यानं पडल्यावर खेळच हँग झाला असं सांगितलं. तिसरा कोण होता ते वीरधवलला आता आठवतही नव्हतं.

त्याच्या टेबलावर परदेशातून मागवलेली दोन हातांची दांडी होती. टेबलाखाली पायांचे पॅडल.

"शिलाई मशीन हाय का रं ही?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "पायलट, माजा लेंगा उसवलाय गड्या, एक टाका मार!"

लोक हसले. वीरधवलनं वळून पाहिलं नाही. 'पायलट' हा शब्द गावात त्याच्यासाठी तीन वर्षं वापरात होता आणि तो उच्चारताना लोकांच्या ओठांचा एक कोपरा खाली जायचा. हवाई दलाच्या मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा 'भावी फायटर पायलट'चा तो फ्लेक्स लागला होता. त्याच्या आजोबांनी, निवृत्त सुभेदार नाथाजींनी, घरोघर स्वतः जाऊन पेढे वाटले होते. म्हैसूरला मुलाखत देऊन परत आल्यावर त्यानं सांगितलं की डोळ्यांत दोष निघाला. लांबचं बारीक दिसत नाही म्हणाले. काय करणार. आबा एवढंच म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी विमानाचा विषय काढला नाही, आणि फ्लेक्स गोठ्यावर गेला.

आज वीरधवलनं त्यांना स्वतः जीपमधून आणलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं होतं. वाढदिवस, दादा, गदा यांतलं त्याला काही नको होतं. आबांनी एकदा बघावं, एवढंच. मशीनवर का होईना, आपला नातू हवेत काय करतो ते बघावं.

*

शेवटच्या कुस्तीसाठी समोर आलेला माणूस खाकी शर्टात होता. चौतिशीचा. लॅपटॉपचं बिजागर सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं. दांडी एकाच हाताची, तिचा तळ टेबलावर चिकटपट्टीनं डकवलेला. शेजारी त्याची बहीण प्रियंका बसली होती, सांगलीत एका लॅबमध्ये रक्त तपासते ती. फ्लेक्सवर बाकी सगळ्यांची आडनावं होती. याच्यापुढं नुसतं 'कपिल (कवठे महांकाळ)' असं होतं.

वीरधवलनं त्याला ओळखलं. कारखान्याच्या यार्डात क्रेनवर असतो. वीरधवलच्या घरच्याच ट्रॉल्यांचा ऊस उचलून गव्हाणीत टाकतो. वर केबिनमध्ये बसलेला असतो, त्यामुळं चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. फक्त खाकी बाही.

"काय रं क्रेन," तो म्हणाला, "आज कारखाना बंद का?"

"चारची पाळी हाय," कपिल म्हणाला. "तवर हुतंय का बगू."

"तीन मिन्टांत हुतंय. चा पिऊन जाशील."

कपिलनं विमान निवडलं. दुहेरी पंखांचं, कापडी, फुकटातलं. वीरधवलला आधी वाटलं, चुकून निवडलं. मग दिसलं की त्याच्याकडं दुसरं नाहीच. वीरधवलचं स्वतःचं विमान महायुद्धाच्या शेवटच्या काळातलं, अख्खं पत्र्याचं, कापडी विमानाच्या दुप्पट वेगाचं. असल्या जोडीला कुस्तीत पंच उभे करत नाहीत. वस्तादांनी मात्र पडद्यावरची दोन्ही विमानं पाहिली आणि मान डोलावली.

"ह्येला चार पंख हायत," ते म्हणाले. "त्येला दोनच. चालतंय."

वीरधवल पुढं झुकला. "वस्ताद, एक सांगतो. ह्या खेळाला पाच मिनिटांची वेळ असते. वेळ संपली की गुण मोजायचे."

"गुण शाळंत मोजत्यात. निकाली म्हंजी निकाली. एकाची पाठ लागंस्तवर."

"बरं, निकाली," वीरधवल हसून म्हणाला. त्याला काय, तीन मिनिटांचं काम.

"आन मैदान सोडायचं न्हाई म्हंजी कुठवर?" कपिलनं विचारलं.

वस्तादांनी नकाशा दाखवायला लावला. हातानं हवेत गोल काढला. वीरधवलनं तेवढा गोल नकाशावर ओढून दिला, आठ-दहा किलोमीटरचा. धावपट्टी त्याच्या बाहेर राहिली.

"तेल संपलं तर? भराय उतरायचं का?"

"पैलवान कुस्ती सोडून मधी चा प्याला जातो का रं?"

सगळं कार्यालय हसलं. सगळ्यांत जास्त वीरधवल हसला. आपल्या पडद्याकडं वळण्याआधी त्यानं कपिलच्या लॅपटॉपवर एक नजर टाकली. कपिलनं टाकी पूर्ण भरली होती. गच्च. जेवून आखाड्यात उतरणारा पैलवान. वीरधवलनं नेहमीप्रमाणं सगळ्यांत कमी, दहा मिनिटांचं तेल घेतलं. हलकं विमान वर झेपावतं. हे तो स्वतःच्या चॅनेलवर शिकवायचा. दोनशे चौदा लोक शिकत होते.

प्रोजेक्टर त्याच्याच मशीनला जोडलेला होता. कपिलच्या लॅपटॉपची ती खाच बिघडलेली होती. त्यामुळं लोकांना जे दिसणार ते वीरधवलला दिसेल तेवढंच.

*

वरून घारीसारखं यायचं, मारायचं, थांबायचं नाही, पुन्हा वर जायचं. कापडी विमानाबरोबर वळायचं नाही. वळण्यात ते बाप असतं. त्याला वळू द्यावं, आपण वर जावं. उंची हाच दम. एवढं ज्याला कळलं त्याला कापडी विमान म्हणजे पतंग.

पहिल्या मिनिटाला वीरधवल ढगातून खाली आला. पतंग मधोमध, खाली, संथ फिरत होता. पळत नव्हता. हे वीरधवलला आवडलं नाही. पळणाऱ्याला मारायला मजा असते. त्यानं नेम धरला. मारायच्या क्षणी पतंग पंखावर आडवा झाला आणि गोळ्यांच्या खालून निघून गेला.

"बगल दिली! बगल दिली गड्यानं!" माईकवरचा निवेदक ओरडला. त्याला कुस्तीशिवाय काही येत नव्हतं, त्यामुळं त्याचं काही चुकतही नव्हतं.

वीरधवल वर जात असताना मागून गोळ्या आल्या. कपिल नाक वर करून मारत होता. मारतच होता. नळ उघडा सोडून शेजारणीशी बोलत उभं राहावं तसा. एक गोळी पंखाला चाटून गेली, बाकी आभाळात. अर्धा सेकंद दाबायचं, सोडायचं, हे याला कुणी सांगितलं नाही. यांना कोण सांगणार.

दुसरी झेप. पुन्हा बगल. पुन्हा तो नळ.

"पायलट, लागंना गड्या!"

"आरं चष्मा लाव!"

वीरधवलचे कान तापले. त्यानं आबांकडं पाहिलं नाही, पण आबा कुठं बसलेत ते त्याच्या मानेला ठाऊक होतं. तिसऱ्या झेपेला तो वर गेला नाही. वळला. कापडी विमानाच्या मागं, त्याच्याच वर्तुळात. दोनशे चौदा लोकांना त्यानं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते त्यानं केलं, कारण समोरचा क्रेनवाला होता आणि कारण कुणीतरी चष्मा म्हणालं होतं.

एक वेढा. दीड वेढा. वेग उतरला. दांडी जड झाली. पतंग समोरून बाजूला सरकला, बाजूच्या काचेतून मागं गेला, आणि मग दिसेनासा झाला. पुन्हा गोळ्या. लांब, सलग, डावीकडून पिवळी रेघ. मग त्या थांबल्या.

मान वळवून पाहिलं. पतंग पाठीला होता. चांगला जवळ. लाकडी पंख्याची पाती वेगळी दिसतील इतका.

पलीकडच्या टेबलावर प्रियंकानं एकदम तोंडावर हात ठेवला. वीरधवलनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. हसू दाबत होती.

त्यानं इंजिनला पूर्ण जोर दिला, नाक खाली घातलं आणि पळाला.

*

निवेदकाच्या तोंडून, जसंच्या तसं:

"आणि मंडळी पळतोय... पळतोय... पायलट पळतोय... कवठ्याचा पैलवान मागं... काय जोड लावलीय मंडळी, जयराजदादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, दादा आपण बसून घ्या... पायलट मैदानाच्या कडंला आलाय... वस्ताद हात वर करत्यात, कडंला आलाय... फिरला, मधी आला... कवठ्याचा पैलवान मधीच उभा हाय मंडळी, हलत न्हाई, येऊ द्या म्हणतोय..."

*

एवढंच. पाच मिनिटं एवढंच चाललं. दुप्पट वेगाचं विमान गोलाच्या कडेपर्यंत पळायचं. बाहेर गेलं तर हार. म्हणून वळायचं. वळण्यात वेग जायचा. मधून जावं तर पतंग तिथं नाक रोखून असायचा. एक-दोनदा वीरधवलनं वरून नेम धरायचा प्रयत्न केला, पण नेम धरायला सरळ उडावं लागतं, आणि सरळ उडालं की तो केवढासा चार पंखांचा ठिपका आपल्याकडं तोंड करतो. मग हात आपोआप दांडी ओढायचा. चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मिनिटाला कपिल त्याच्या पाठीला येऊन बसला. तिन्ही वेळा चांगला पाच-सहा सेकंद. तिन्ही वेळा मारलं नाही.

खेळवतोय, वीरधवलला वाटलं. मला. हा.

रागानं त्यानं इंजिनची राखीव ताकदही लावली. ती लावली की तेल दुप्पट जातं. हेही चॅनेलवर होतं, अकराव्या भागात.

कपिल खुर्चीवर जराही हलत नव्हता. कारखान्यात क्रेनवर बसतो तसा बसला होता. ट्रॉल्यांची रांग खाली कितीही ओरडली तरी मोळी झोका घेऊन स्थिर होईपर्यंत तो क्रेन पुढं नेत नाही. झोका संपतोच. लोक ओरडतात, तरी संपतो.

"त्यो काय करंनाच की," पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं.

"करतोय," वस्ताद म्हणाले. "वढू दे त्येला. दमल."

पडद्याच्या कोपऱ्यात तेलाचे आकडे होते. वीरधवलनं ते पाहिले तेव्हा चाळीस सेकंदांचं तेल राहिलं होतं.

*

इंजिन बंद पडलं तेव्हा कार्यालयात शांतता झाली. दोन भोंग्यांतून नऊ मिनिटं जो आवाज येत होता तो त्याच्याच विमानाचा होता. तो गेला. छताच्या पंख्यांची घरघर राहिली, आणि स्वयंपाकघरातून भांडी आदळल्याचा आवाज.

वीरधवलनं नाक खाली ठेवलं आणि तरंगत राहिला. मागं पतंग होता. मान वळवावी लागली नाही. तो बाजूलाच आला, समांतर, मग पुन्हा मागं गेला. दहा सेकंद. पंधरा. वीरधवलनं दांडीवरचा हात सैल केला आणि वाट पाहिली. पाठीच्या मणक्यात एक जागा असते, तिथं त्याला खाज आल्यासारखं झालं.

"मार की," तो म्हणाला.

त्याच्या हेडफोनचा माईक चालू होता. भोंग्यांतून सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं.

"मार की रं!"

कपिलनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याचा अंगठा बटणावर होता. बटण दाबलेलं नव्हतं.

खाली हिरवी शेतं होती. खेळ बनवणाऱ्यांनी कुठल्यातरी परक्या देशातली बनवलेली. वीरधवलनं चाकं न काढता विमान टेकवलं. ते घसरलं, एक कुंपण तोडलं, आणि पोटावर थांबलं. वरून कापडी विमान एक गोल मारून गेलं.

"संपली," वीरधवल म्हणाला आणि हेडफोन काढला.

टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मागच्या रांगेतली चार-पाच पोरं कपिलच्या नावानं ओरडू लागली.

हंबीरराव वस्तादांनी हात वर केला.

"थांबा."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. पडद्यापाशी गेले. नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून त्यांनी ते विमान पाहिलं. त्यांची सावली अर्ध्या शेतावर पडली.

"ह्यो पोटावर पडलाय," ते म्हणाले.

ते लोकांकडं वळले.

"पाठ कुठं लागली? पैलवान पोटावर पडला म्हंजी चीत झाला का? पोटावर पडून पैलवान अर्धा अर्धा तास काढत्यात. मी काढल्यात. पाठ लागल्याबिगार निकाल न्हाई. धरा कुस्ती."

जयराजदादा हसले, मग वस्ताद हसत नाहीत हे पाहून थांबले. निवेदकानं माईक तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला.

"आवं वस्ताद," मागून कुणीतरी म्हणालं, "इंजिन बंद हाय त्याचं."

"असू दे. पाठ लागली न्हाई."

या म्हाताऱ्याचं सकाळपासून प्रत्येक वाक्य वीरधवलनं मनात टिपून ठेवलं होतं, पुण्यातल्या मित्रांना सांगून हसायला. माती कुठाय. चार पंख हायत. आता तोच म्हातारा त्याला हात देत होता, आणि त्याला काहीही कळत नव्हतं म्हणूनच देऊ शकत होता. एक वाक्य पुरेसं होतं. वस्ताद, मी हरलो. तीन शब्दांचं वाक्य. वीरधवलनं तोंड उघडलं. पुढच्या रांगेत आबा दोन्ही हात काठीवर ठेवून पडद्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होते.

त्यानं तोंड मिटलं.

"पुन्यांदा धरायची व्हय?" कपिलनं विचारलं. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वस्ताद, पावणेचार झालं. मला पाळी हाय."

"मैदान सोडलं तर हार हाय, बाळा. नियम हाय."

"बरं," कपिल म्हणाला.

त्यानं चिकटपट्टी सोलली, दांडी पिशवीत घातली, लॅपटॉपला ट्यूब बांधली. घाई नव्हती. जेवून झाल्यावर माणूस ताट उचलतो तसं. प्रियंका म्हणाली, "दादा, सांग की त्यांना." तो म्हणाला, "चल, उशीर हुतोय." दोघं मधल्या वाटेनं, निशिगंधाच्या कमानीखालून बाहेर गेले.

वस्तादांनी वीरधवलचा हात धरून वर केला. नियम तो नियम. हात धरताना त्यांचा चेहरा मात्र दुसरीकडं होता. फोटोग्राफरला तो फोटो तीनदा घ्यावा लागला.

*

चांदीचा मुलामा दिलेली गदा खांद्यावर घेऊन वीरधवल बाहेर धावला. तशी गदा घेऊन धावणं शोभत नाही, पण ती ठेवायची कुठं हे त्याला सुचलं नाही. कपिल मोटारसायकलला किक मारत होता. प्रियंका मागं बसली होती, मांडीवर लॅपटॉप.

"ये," वीरधवल म्हणाला. मग म्हणाला, "कपिल."

कपिलनं वर पाहिलं.

"तीनदा पाठीला आलास. शेवटी तर इंजिनपण बंद हुतं. मारलं का न्हाईस?"

कपिलनं थोडा विचार केला. प्रियंकानं त्याच्या पाठीला कोपर लावलं.

"तुमी पळत हुता," तो म्हणाला. "पळत्याला काय मारायचं."

गाडी सुरू झाली. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. तिच्या कडेनं ती दिसेनाशी झाली.

*

जीपमध्ये आबा पुढं बसले. गदा मागच्या सीटवर, वळणावर इकडून तिकडं गडगडत होती.

"केवढासा ठिपका हुता रं त्यो," आबा म्हणाले. "ढगात. मला दिसलाबी न्हाई. पडद्यावर बोट ठिवलं लोकांनी तरी दिसना. तुला बरा दिसला."

"सवय हाय, आबा."

"व्हय." काठीची मूठ त्यांनी एकदा फिरवली. "डोळं चांगलं हायत की तुजं."

वीरधवलनं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती. म्हैसूरला तो त्या यंत्रापुढं बसला होता, आणि पायांचा ठिपका हातांच्या ठिपक्यापासून लांब लांब गेला होता. डोळ्यांचे डॉक्टर फार पुढच्या खोलीत होते. तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता.

समोर ट्रॉली आडवी आली, तिचा ड्रायव्हर खाली उतरून टायर बघत होता. जीप थांबली.

"त्याचं इमान कापडाचं हुतं म्हणत हुती पोरं."

"व्हय."

"आन तुजं?"

"पत्र्याचं."

"मंग पळत का हुतास?"

"पाठीला हुता त्यो. मारला असता."

"मारलं न्हाई पर."

"त्येला मी मारायच्या लायकीचा वाटलो न्हाई, आबा," वीरधवल म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कळलं का? क्रेन चालवतो, आन मला..." त्यानं हॉर्न दाबला. दाबूनच धरला. ट्रॉलीचा ड्रायव्हर वळून त्याच्याकडं बघत राहिला, मग पुन्हा टायरकडं वळला.

आबा खिडकीबाहेर बघत होते.

*

आठवड्यानं नवा फ्लेक्स आला. 'विमान केसरी', गदा, वीरधवल, आणि त्याच्यापेक्षा मोठे जयराजदादा. आबांनी तो पूर्ण उघडूनही पाहिला नाही. गोठ्याला पश्चिमेकडून ऊन लागत होतं. त्यांनी गड्याला तो त्या बाजूला बांधायला सांगितला.

*

कपिलच्या बंदुकांतल्या सगळ्या गोळ्या तिसऱ्या मिनिटाला संपल्या होत्या.